भंडारा जिल्ह्यातील स्तनपान साहाय्य व मातृदुग्धदान

भंडारा जिल्ह्यातील स्तनपान साहाय्य व मातृदुग्धदान या विषयात तीन बाबींचा समावेश होतो : नवप्रसूत मातेला स्तनपानासाठी मिळणारे मार्गदर्शन, आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या अर्भकासाठी आईचे दूध काढून साठविण्याची व्यवस्था आणि आईचे दूध मिळू न शकल्यास अन्य मातेने दान केलेले दूध. या सेवांचा प्रारंभ गावातील आशा सेविकेपासून होतो व शेवटचे टोक वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न मातृदुग्धपेढीपर्यंत पोहोचते. दुग्धपेढी हा यांतील सर्वाधिक चर्चिला जाणारा भाग असला, तरी बहुसंख्य मातांची अडचण तिच्या बऱ्याच अलीकडे, घरात किंवा प्रसूतिकक्षात सुटू शकते.

पार्श्वभूमी

भंडारा हा पूर्व विदर्भातील वैनगंगेच्या खोऱ्यातील जिल्हा असून भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे त्याचे सात तालुके आहेत. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्याला आजचा आकार प्राप्त झाला. धान हे येथील मुख्य पीक आहे. धानाच्या रोवणीत स्त्रियांचे श्रम सर्वाधिक लागतात आणि रोवणीचा हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये येतो. जागतिक स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्ट या काळात पाळला जातो, म्हणजे जनजागृतीची भाषणे होत असतात तेव्हा ज्यांच्यासाठी ती असतात त्यांतील अनेक जणी बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. मात्र जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतल्या गेलेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्के इतकेच आहे. सहा महिन्यांखालील बालकांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेली बालके ६३.७ टक्के आहेत. रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या मातेलाही पहिल्या तासाची मदत मिळतेच असे नाही, हे या आकड्यांतील अंतरावरून दिसते. शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, बाळाला तपासणीसाठी वेगळे ठेवणे आणि मध, गुळाचे पाणी किंवा गुटी चाटविण्याची रीत ही त्यामागील नेहमीची कारणे होत.

गावपातळीवरील साहाय्य

गावात मातेशी पहिला संबंध आशा सेविकेचा येतो. गृहाधारित नवजात बालक काळजी कार्यक्रमानुसार संस्थेत प्रसूती झाल्यास आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. या कार्यक्रमाचे मूळ भंडाऱ्याच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची काळजी सोपविली. त्यातून बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात स्वीकारली गेली.

भेटींपैकी तिसऱ्या व सातव्या दिवसाची भेट स्तनपानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची असते. प्रसूतीनंतर दोन ते चार दिवसांनी पान्हा भरून येतो. त्याच वेळी स्तन दगडासारखे कठीण होणे, बोंडाला चिरा पडणे आणि बाळाने नीट न पकडणे या तक्रारी उद्भवतात. बाळाच्या तोंडात केवळ बोंड नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही जाईल अशा रीतीने बाळाला धरणे हा यावरील मुख्य उपाय असून तो औषधाविना शिकविता येतो. ‘दूध पुरत नाही’ ही सर्वांत सामान्य समजूत बहुतेक वेळा निराधार असते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर दूध मावते. त्यामुळे थोडासाच येणारा घट्ट, पिवळसर चीक त्याला पुरतो, आणि संरक्षक प्रतिपिंडांनी समृद्ध असल्याने तो टाकून देणे हानिकारक ठरते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल व त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे असल्याचे मानले जाते. दुधाची निर्मिती मागणीनुसार होते. वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते आणि आईचे दूध खरोखरच आटू लागते. अशा प्रकारे ती समजूत स्वतःलाच खरी करून दाखविते.

आशा सेविकेच्या पुढील टप्प्यावर उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालये आणि तुमसर व साकोली येथील उपजिल्हा रुग्णालये येतात. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी राज्यात १०४, तर रुग्णवाहिकेसाठी १०२ व १०८ हे क्रमांक वापरले जातात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) शासकीय रुग्णालयातील प्रसूती, आजारी नवजात बालकाचे उपचार आणि त्यासाठीचा प्रवास विनामूल्य आहे.

नवजात कक्षातील बालक आणि आईचे दूध

दुधाचा प्रश्न सर्वाधिक बिकट होतो तो बाळ आईपासून दूर असताना. कमी वजनाचे किंवा आजारी बालक जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूमध्ये, दाखल केले जाते. अधिक गंभीर असल्यास सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरला पाठविले जाते. लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील बाळंतीण अशा वेळी गावी किंवा लहान रुग्णालयात राहते आणि बाळासोबत वडील वा आजी जाते. अपुऱ्या दिवसांच्या बालकाला ओढण्याची शक्ती नसते, परंतु दुधाची गरज इतरांहून अधिक असते. आतड्याचा भाग सडविणारा नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस हा घातक विकार वरच्या दुधावरील अशा बालकांत मानवी दुधावरील बालकांपेक्षा अधिक आढळतो.

यासाठी प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढण्यास प्रारंभ करावा आणि चोवीस तासांत, रात्र धरून, आठ ते दहा वेळा ते काढावे, असा वैद्यकीय संकेत आहे. पहिल्या दिवशी काही थेंबच मिळाले तरी ते बाळाला दिले जातात. काढलेले दूध सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात चार तास टिकते असे सामान्यतः सांगितले जाते. मे महिन्यातील विदर्भात, जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, ही मर्यादा लागू होत नाही व दूध थंड ठेवणे अनिवार्य ठरते. बाळ स्थिर असल्यास ते आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत दूध वाढविण्यासही उपकारक असते. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय अभ्यासात दिसून आले. त्यामुळे आईलाही नवजात कक्षातच खाट देण्याकडे आता कल आहे.

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षास ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे आग लागून १० अर्भकांचा मृत्यू झाला. ७ अर्भकांना वाचविण्यात आले. या दुर्घटनेनंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. बाळ गमावलेल्या मातेलाही पान्हा येतच राहतो, ही बाब मात्र अशा प्रसंगी क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. तिला वेदना न होता दूध हळूहळू कमी कसे करावे हे सांगणे, तसेच तिची इच्छा असेल तरच दानाचा पर्याय तिच्यासमोर ठेवणे, हाही स्तनपान समुपदेशनाचा भाग मानला जातो.

मातृदुग्धपेढी

दात्या मातांचे दूध संकलित करून, तपासून, निर्जंतुक करून गरजू अर्भकांना पुरविणाऱ्या केंद्रास मातृदुग्धपेढी म्हणतात. जगातील पहिली पेढी १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झाली. आशियातील पहिली पेढी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. धारावीलगतच्या या रुग्णालयात वरच्या दुधावरील अर्भके जंतुसंसर्गाने दगावत असत. त्यावर उपाय म्हणून तेथे प्रथम पावडरचे दूध व बाटल्या बंद करण्यात आल्या आणि मातांना नवजात कक्षात प्रवेश देण्यात आला. पेढी त्यानंतर आली. हा क्रम लक्षणीय आहे. पेढीतील दूध स्तनपान करविणाऱ्या मातांकडूनच येते, त्यामुळे जेथे स्तनपानाला साहाय्य नाही तेथे पेढीत दूधही जमत नाही.

दानापूर्वी मातेची लेखी संमती घेतली जाते आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व उपदंश यांसाठी रक्ततपासणी होते. तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्या तसेच विशिष्ट औषधे घेणाऱ्या मातांचे दूध स्वीकारले जात नाही. स्वतःच्या बाळाचे पोट भरून उरलेले दूधच घेतले जाते. ते ६२.५ अंश सेल्सिअस तापमानात ३० मिनिटे तापवून त्वरेने थंड करतात, जंतूंसाठी पुन्हा तपासतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. या प्रक्रियेत धोकादायक विषाणू व जंतू नष्ट होतात, पण दुधातील जिवंत पेशी आणि काही संरक्षक घटकही नाहीसे होतात. त्यामुळे प्रथम आईचे, ते नसल्यास दान केलेले आणि तेही नसल्यास पावडरचे दूध, असा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या अर्भकांसाठी सांगितला आहे. साठा मर्यादित असल्याने दानाचे दूध अत्यंत कमी वजनाच्या व आजारी बालकांना अग्रक्रमाने दिले जाते. सुदृढ बाळासाठी ‘दूध पुरत नाही’ म्हणून पेढीकडे येणाऱ्या कुटुंबाला तेथे दुधाऐवजी समुपदेशन मिळण्याचीच शक्यता अधिक असते.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘माँ’ हा स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला आणि २०१७ मध्ये शासकीय रुग्णालयांतील स्तन्य व्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन स्तर आहेत. दान स्वीकारणारे सर्वंकष केंद्र वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या जिल्हा रुग्णालयात असते. मधल्या स्तरावरील केंद्रात केवळ स्वतःच्या आईचे दूध काढून साठविले जाते. आणि प्रसूती होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी स्तनपान साहाय्य कक्ष अपेक्षित असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भंडारा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्यामुळे या रचनेतील वरच्या स्तरासाठी लागणारी चौकट आता जिल्ह्यातच उपलब्ध होऊ लागली आहे.

कायदा व सामाजिक बाजू

मानवी दुधाची विक्री भारतात अनुज्ञेय नाही. दान विनामोबदला असते आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये मातृदुग्धाच्या व्यापाराविरुद्ध इशारा देऊन अशा प्रक्रियेस वा विक्रीस परवाने देऊ नयेत असे बजावले. समाजमाध्यमांतून ओळख झालेल्या मातेकडून थेट दूध घेणे तपासणीअभावी धोक्याचे असते. पावडरच्या दुधाची जाहिरात, मोफत नमुने व आरोग्यसेवकांना भेटी देणे यांवर १९९२ च्या शिशुदुग्ध पर्यायविषयक कायद्याने बंदी आहे. हा कायदा २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी बीपीएनआय ही राष्ट्रीय संघटना ३ डिसेंबर १९९१ रोजी विदर्भातीलच वर्धा येथे स्थापन झाली.

दुसरीचे दूध बाळाला पाजणे महाराष्ट्रास नवे नाही. आयुर्वेदाच्या संहितांत धात्रीची लक्षणे सांगितली आहेत आणि ‘दूधभाऊ’ हा शब्द मराठीत रूढ आहे. इस्लामी परंपरेत दुधाचे नाते विवाहास प्रतिबंध करणारे असल्याने दात्याची ओळख न कळणाऱ्या पेढीबाबत काही कुटुंबांना शंका वाटते; यावर धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. रुग्णालयांनी कुटुंबाला पूर्वकल्पना देऊन संमती घेणे अपेक्षित असते.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, परंतु शेतमजूर स्त्रीला ती लागू होत नाही. तिला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य आहे. प्रवासात वा कार्यालयात बाळाला पाजण्यासाठी एस.टी. बसस्थानके व शासकीय इमारतींत ‘हिरकणी कक्ष’ राखले जातात. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे नाव त्यांना दिले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे सुमारे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या हिवाळी अधिवेशनास उपस्थित राहिल्यानंतर विधानभवनातही असा कक्ष उघडण्यात आला. पुढील अधिवेशनात मुंबईतील कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांनीच तक्रार केली होती.