टेट्रिस : ठोकळे रचण्याच्या दोन पद्धती

टेट्रिस या संगणकीय खेळाचा जन्म १९८४ साली मॉस्कोत झाला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या संगणकावर तयार केला. चार-चार चौकोनांचे सात ठोकळे, दहा घरांची ओळ आणि ओळ भरली की ती नाहीशी, एवढाच मूळ नियम.

१९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीने गुणांचे गणित बदलले. पहिल्या पातळीवर एका ओळीला ४० गुण, पण एकदम चार ओळींना १२००. त्यामुळे खेळाडू नऊ स्तंभ भरून, बहुधा उजव्या कडेचा, एकच स्तंभ मोकळा ठेवू लागले. उभा लांब ठोकळा त्यात पडला की चारही ओळी जातात. पुन्हा तीच रचना.

या पद्धतीची अडचण म्हणजे लांब ठोकळ्याची वाट पाहणे. पुढे सातही ठोकळे प्रत्येक फेरीत एकदा देण्याचा नियम आला आणि इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा ठोकळा फिरवून कपारीत बसवण्यालाही गुण मिळू लागले. तीन घरे रुंद खाचेवर एका बाजूने एक घर पुढे आलेले असते. त्याखाली ‘टी’ वळून शिरतो आणि दोन ओळी जातात.

दोन ओळी म्हणजे २० घरे, अर्थात पाच ठोकळे. सात ठोकळ्यांच्या फेरीत ‘टी’ एकदाच येतो, पण घरे २८ येतात. प्रत्येक फेरीत उरणारी आठ घरे पुढच्या खाचेसाठी नीट रचणे, हेच ‘टी’च्या पद्धतीचे खरे कौशल्य आहे.