सावनेरचे रस्ते आणि आपली वस्ती

जुन्या गावगाड्यात आपली वस्ती गावकुसाबाहेर. गावाचा रस्ता तिथवर येतच नसे, होती ती पायवाट. बाबासाहेबांच्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून हे बदलले. सार्वजनिक विहीर, तळे, रस्ता वापरायला जातीवरून कोणाला अडवायचे नाही, असे कलम १५ सांगते.

पुढे कोळशाच्या खाणी आल्या, छिंदवाड्याची छोटी लाईन जाऊन ब्रॉडगेज आली, नागपूरचा हमरस्ता रुंदावला. शेतांचे लेआऊट पडले अन् सावनेर पसरले. पण लेआऊटवाला आपल्यापुरताच रस्ता काढतो, शेजारच्या लेआऊटला जोडत नाही. मग समोर दिसणाऱ्या घरी जायलाही हमरस्त्यावरून फेरा!

गावकूस गेले, पण गल्ल्या बंद राहिल्या तर वस्त्या पुन्हा वेगळ्याच पडतील. म्हणून आम्ही म्हणतो, प्लॉट घेतानाच विचारा, हा रस्ता पुढे कुठे जुळतो? जयभीम!