एकट्याचे मत

निवडणूक आली की उमेदवाराचे पत्रक दारात पडते. पाणी, रस्ते, गटारे, दिवे. यादी दर वेळी तीच. पण सभागृहात ठराव मांडला गेला की या माणसाचा हात कुणासाठी वर जाईल, हे त्या पत्रकात नसते. आणि खरी परीक्षा तर तिथेच असते. पुणे नगरपालिकेच्या इतिहासात याचे एक फार चांगले उदाहरण आहे.

१८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले या नगरपालिकेचे सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला तो १८८२ च्या मे महिन्यात. सरकारने दिलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस सरकारपुढे मान डोलावणार, असे कुणालाही वाटेल. जोतीरावांनी ती डोलावली नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव आला. जोतीरावांचे म्हणणे होते की, हे पैसे शहरातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. प्रस्ताव मंजूर झाला. विरोधात मत पडले ते एकट्या जोतीरावांचे.

१८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले. मंडईची मोठी इमारत बांधण्यासही त्यांचा विरोध होता. ते स्वतः कंत्राटदार होते आणि मांजरीला शेती करत होते. बांधकामाचा खर्च आणि भाजीचा व्यवहार, दोन्ही त्यांना घरचे. तेव्हा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. विरोध असूनही इमारत उभी राहिली, १८८६ मध्ये तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ते नाव बदलले. आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्या इमारतीला विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव! पण त्यांची खरी मागणी इमारतीची नव्हती, शाळेची होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी तेच मांडले: बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

हे सारे कोळवणच्या माणसाने का आठवावे? आमच्या खोऱ्यात ग्रामपंचायत आहे. ग्रामसभेत कुणीही मतदार उभा राहून विचारू शकतो, 'हा खर्च कशावर झाला?' आमच्याच मुळशी तालुक्यातली बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. तिथे आता ग्रामसभा नाही. गावाच्या वतीने विचारायचे ते नगरसेवकाने. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि काही काळ तर विचारणारा नगरसेवकही उरला नाही.

गाव शहरात गेले की नळ येतो, डांबर येते. जातो तो आपला प्रश्न विचारण्याचा हक्क. तो दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो. म्हणून उमेदवार दारात आला की रस्त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी. दादा, सगळे हात एका बाजूला वर झाले आणि ती बाजू आमची नसली, तर तुमचा हात कुठे असेल?