सेट कोणत्या सालचा? एका जुन्या ड्रमसेटचं वय काढताना

जुनी वस्तू हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: "ही कोणत्या सालची?" संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते. वस्तूला एकच साल असतं, ही. ती कशी तपासायची हे पाहायला आज ताम्रपट नको, शिलालेख नको, एक ड्रमसेट घेऊ.

वालूरच्या (ता. सेलू, जि. परभणी) एका बँड पार्टीने मुंबईहून जुना सेट आणलाय. एक बास ड्रम, एक टॉम, एक स्नेअर. विकणाऱ्याने सांगितलं, "सगळा एकाच हातचा माल, 1964 चा, बीटल्सवाला ल्युडविग." मालकांचे प्रश्न दोनच. पैसे जास्त तर गेले नाहीत ना? आणि टॉमला बाजारातलं नवं 14 इंची हेड बसत नाही, तर सुतार रंधा मारून शेल बारीक करून देतो म्हणतोय, देऊ का? दुसऱ्या प्रश्नाला घाई होती. सुतार सोमवारी येणार होता.

आधी 1964 चं बघू. हे साल हवेतून आलेलं नाही. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवले. रिंगो स्टारच्या बास ड्रमवर 'ल्युडविग' हे नाव कोट्यवधी लोकांनी वाचलं आणि शिकागोच्या त्या कंपनीची मागणी भडकली. तेव्हापासून बाजारातला प्रत्येक जुना ल्युडविग 1964 कडे सरकतो. विकणाऱ्याचं बोलणं हाही एक पुरावाच आहे. फक्त तो ड्रमबद्दल कमी आणि बाजाराबद्दल जास्त सांगतो.

बास ड्रमवर वर रुंद, खाली निमुळता असा धातूचा बॅज आहे. ड्रमवाले त्याला कीस्टोन बॅज म्हणतात. त्यावर क्रमांक आहे, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. क्रमांक दिसला की तक्ता शोधायचा, साल लिहायचं, मोकळं व्हायचं. पण ल्युडविगच्या कामगारांनी बॅज क्रमाने लावलेच नाहीत. डब्यात हात घालून जो येईल तो ठोकला. त्यामुळे मोठा क्रमांक आधीच्या ड्रमवर आणि छोटा नंतरच्या, असं सर्रास सापडतं. मग क्रमांक निरुपयोगी का? नाही. 1963 च्या अखेरीपर्यंत या बॅजवर क्रमांक टाकतच नव्हते. म्हणजे क्रमांक *किती* आहे यापेक्षा तो *आहे* हेच जास्त भरवशाचं. दुसरीकडे, हा आकार साधारण 1970 च्या सुमारास गेला आणि निळ्या-हिरवट रंगाचा बॅज आला. मधे सहा-सात वर्षं उरली. बॅज धरून ठेवणारी, हवेच्या भोकाची धातूची रिंग मूळची दिसते, पिरगळलेली नाही. म्हणजे बॅज दुसऱ्या ड्रमवरून आणून लावलेला नसावा.

साठच्या दशकातल्या ल्युडविगच्या शेलमध्ये पुष्कळदा लाल शाईने तारखेचा शिक्का असतो. तो सापडला की वाद मिटला. या ड्रमला आतून कुणीतरी ऑइलपेंट फासलाय. मोबाईलचा उजेड तिरपा धरला तर महिन्याची अक्षरं अंधूक उठतात, साल उठत नाही. थिनर लावू नका, हे मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते: पेंटबरोबर शाईही जाईल. आणि जुन्या ड्रमचं रंगीत आवरण बऱ्याचदा सेल्युलोज नायट्रेटचं असतं. 'गरम सुई लावून बघू' हा प्रयोग त्याच्यावर करायचा नाही, ते भुर्रकन पेटतं.

आता टॉम. तो ल्युडविगचा नाहीच. बॅज प्रीमियरचा आहे, इंग्लंडच्या कंपनीचा. 1922 ला लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी 1940 च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना गेल्यावर लेस्टरला हलली. प्रीमियरचे जुने शेल आजच्या मापापेक्षा किंचित मोठे असायचे. साधारण 1968 च्या आसपास कंपनीने आंतरराष्ट्रीय माप स्वीकारलं. म्हणजे नवं हेड न बसणं हा या टॉमचा दोष नव्हे. तोच त्याचा जन्मदाखला आहे! हेड बदलता येतं, स्क्रू बदलता येतात, बॅजसुद्धा बदलता येतो. शेलचा व्यास कुणी सहजासहजी बदलत नाही. फक्त सुतार बदलू शकतो. रंधा फिरला असता तर हेड बसलं असतं आणि सगळ्यात पक्का पुरावा भुश्श्यात गेला असता. रविवारी रात्री फोन करून सांगितलं, थांबवा.

स्नेअर इथलाच, देशी बनावटीचा. आत दुकानाची कागदी चिठ्ठी आहे, पत्त्यात नुसतं 'बॉम्बे-2'. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि मुंबईचा जुना विभाग 2 झाला 400002. मग स्नेअर 1972 आधीचा? इथे सावकाश. चिठ्ठीवर पिनकोड असता तर 'ती 1972 आधीची नाही' हे ठाम म्हणता आलं असतं. तो नाही, यावरून तेवढं ठाम बोलता येत नाही, कारण छापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपेपर्यंत दुकानदार जुन्याच वापरतो. नवी गोष्ट *असणं* आणि *नसणं* यांचं वजन सारखं नसतं. प्रबंधात हे वाक्य कितीदा चुकतं ते मार्गदर्शकांना विचारा.

तिन्ही ड्रमवर आज प्लास्टिकची हेड आहेत. पॉलिएस्टरची अशी हेड 1957 च्या सुमारास बाजारात आली, त्याआधी वासराचं कातडं. पण हेड फाटतं आणि बदलतं, त्यावरून शेलचं वय निघत नाही. वालूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या बारवेच्या एखाद्या पायरीला सिमेंट लागलं म्हणून बारव सिमेंटच्या काळातली होत नाही.

म्हणजे विकणाऱ्याने फसवलं का? मला तसं सरळ वाटत नाही. मुंबईत हॉटेलांतले डान्स बँड आणि सिनेमाचे वाद्यवृंद यांना ड्रम लागायचे. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतासोबत चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरच दिसतो. पुढे बर्जोर लॉर्ड यांच्यासारखे वादक स्टुडिओत ड्रम वाजवत. परदेशी माल मात्र आयात परवान्यांत अडकलेला. ड्रम फुटला की दुसऱ्याचा टॉम, तिसऱ्याचा स्नेअर जोडून काम चालवायचं. असा मिसळलेला सेट म्हणजे बनावट सेट नव्हे. तो त्या काळाचा अगदी खरा सेट असू शकतो. फक्त 'एकाच हातचा' नाही.

मालकांना मी कागदावर लिहून दिलं: बास ड्रम 1963 अखेर ते 1970 च्या सुमारास; टॉम बहुधा 1968 आधीचा; स्नेअर, चिठ्ठी मूळची धरली तर, 1972 आधीचा किंवा फार नंतरचा नाही. "म्हणजे 1964 नाही?" त्यांनी विचारलं. असू शकतो बास ड्रम, पण ते सिद्ध होत नाही, आणि तिघांचं मिळून एक साल निघत नाही. किंमत 1964 च्या अखंड सेटची दिली असेल तर जास्त गेली. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

टॉमचं मग गावातल्या हलगी मढवणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी शेलच्या मापाची रिंग वळवून त्यावर बकऱ्याचं कातडं चढवलं. आवाज जरा दबका येतो, पण पार्टीतल्या पोरांना आवडलाय. रिंग कुणी केली, कधी केली, कातडं कसलं, हे एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय.