पालघरच्या पावसाचा अंदाज: एका सूत्रापासून अनेक मॉडेल्सपर्यंत

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याची भात-नागलीची पेरणी आणि सातपाटी, डहाणूच्या बोटींची ये-जा, दोन्ही पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून असतात. त्या अंदाजामागचे गणित मात्र शंभरहून अधिक वर्षे एकाच भरवशाच्या सूत्राच्या शोधात होते. १८८६ मध्ये भारतीय हवामान विभागाचे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पहिला अधिकृत अंदाज दिला. गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे दूरदूरच्या हवामानाशी मान्सूनचे सहसंबंध शोधले. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे मॉडेल आले. २००२ मध्ये देशासाठी सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. पडला ८१ टक्के. एकेकाळी मान्सूनशी घट्ट बांधलेले घटक काळाच्या ओघात सैल पडतात, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवले.

खरे वळण २००७ मध्ये पुण्यात आले. हवामान विभागातील एम. राजीवन, डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी एप्रिलच्या अंदाजासाठी पाच घटक निवडले. प्रत्येक घटक ठेवून किंवा वगळून होणाऱ्या, किमान एक घटक असलेल्या सर्व जुळण्या मोजल्या तर ३१ मॉडेल्स होतात. जूनच्या सहा घटकांतून ६३. ही सगळी मॉडेल्स दोन सांख्यिकी पद्धतींनी उभारायची आणि त्यांतल्या सरस ठरलेल्या मोजक्यांची भारित सरासरी घ्यायची, अशी ही रीत होती. मशीन लर्निंगमध्ये ‘एन्सेम्बल’ म्हणून शिकवतात ती हीच.

अशी सरासरी उपयोगी पडते ती मॉडेल्सच्या चुका वेगवेगळ्या असतील तेव्हा. एकाच घटकसंचातून निघालेली मॉडेल्स एकदमच फसू शकतात. २००९ मध्ये जूनचा अंदाज ९३ टक्के होता, पाऊस ७८ टक्के झाला. केंद्र सरकारच्या २०१२ च्या मान्सून मिशनने समुद्र आणि वातावरणाच्या भौतिकीची समीकरणे सोडवणाऱ्या मॉडेल्सवर भर दिला. २०२१ पासून जगातील निरनिराळ्या केंद्रांची अशी मॉडेल्स एकत्र करून हंगामी अंदाज दिला जातो.

चक्रीवादळांचा मार्ग ठरवतानाही विभाग अनेक मॉडेल्स एकत्र पाहतो. त्यांचे आपसातले अंतर जितके जास्त, तितकी अनिश्चितता मोठी. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ हरिहरेश्वर ते दमण यांदरम्यान कुठेही धडकेल, असा आरंभीचा इशारा होता. तारापूरच्या अणुवीज केंद्रासह पालघरचा सारा किनारा त्या पट्ट्यात येत होता. पुढे अंदाज अलिबागजवळ आला आणि ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले.