मुद्गलाचा फेरा

‘माहीम पार्क’ म्हटले तर आज दादर-माहीमचा माणूसही क्षणभर थबकेल. 1925 मध्ये पालिकेने लोकांसाठी खुले केलेले हे मैदान दोनच वर्षांत शिवाजी पार्क झाले. त्याच 1925 साली काळे गुरुजींचे श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली तीही याच मैदानावर. मल्लखांबाचे असे भाग्य उजळले; जुन्या तालमीत त्याच्याच शेजारी भिंतीला टेकून उभा असणारा मुद्गल मात्र मागे पडला.

संस्कृतात तो ‘मुद्गर’, म्हणजे हातोडा किंवा सोटा. कपडे बडवायची मोगरी याच घराण्यातली. गंमत म्हणजे मोगऱ्याचे नावही मुद्गरावरूनच आले. टपोरी कळी देठासकट उभी धरून पाहा, नाते पटेल. तालमीतल्या जड मुद्गलांना म्हणायचे जोडी.

फिरवताना दोन्ही मुद्गल छातीसमोर उभे धरायचे. एक खांद्यावरून मागे सोडायचा. कोपर कानाजवळ, आभाळाकडे; मुद्गल पाठीवर लंबकासारखा झुलतो आणि दुसऱ्या खांद्यावरून पुढे येतो. इथे मनगटाने ओढाओढ करणारा लगेच ओळखू येतो. वजन आपले आपण फिरते, हाताने फक्त वाट दाखवायची. खांद्याची खोबण उथळ आणि तिच्यात बसणारा गोळा मोठा, म्हणून हा सांधा शरीरात सर्वांत मोकळा आणि निखळायलाही सर्वांत सोपा. त्याला सांभाळणारे चार छोटे स्नायू या फेऱ्यात सतत कामाला लागतात. जोर काढून छाती भरते, पण हात पाठीमागे असा गोल फिरत नाही.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मुद्गल फिरवणे पाहिले आणि उचलले. 1834 मध्ये लंडनच्या डोनाल्ड वॉकरने व्यायामावरच्या पुस्तकात हे हात सचित्र दिले. दोन वर्षांनी स्त्रियांसाठी हलक्या दांड्यांची आवृत्तीही काढली. 1861 मध्ये न्यूयॉर्कच्या सिम केहोने लंडनला हा खेळ पाहिला, घरी जाऊन मुद्गल बनवून विकायला काढले आणि 1866 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नाव पडले ‘इंडियन क्लब’. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धा झाली. दोन्ही वेळा तिन्ही पदके अमेरिकनांनी नेली! 1932 चा विजेता जॉर्ज रॉथ बेकार होता. सुवर्णपदक घेऊन तो रस्त्यावरच्या गाड्यांना हात करत घरी गेला.

पुढे ‘इंडियन क्लब’ आपल्याकडे परतले ते शाळेच्या कवायतीत, साहेबी नावानिशी. आता तेच जिममध्ये ‘शोल्डर मोबिलिटी’च्या नावाखाली भेटतात. बॉस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी 1934 मध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ केले. वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम आजही फिजिओथेरपिस्ट देतात. वजनाला झुलू द्यायचे, ही मुद्गलाचीच रीत. दोघांचा संबंध होता असे नव्हे. सांधा तोच, म्हणून उपायही तसाच.

करून पाहायचे असेल तर जोडीच्या वाटेला जाऊ नका. अर्धा लिटर पाण्याची बाटली तिच्या मानेला धरून एकेका हाताने फिरवा. खांदा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि माहीमच्या दहा बाय बाराच्या खोलीत फिरवणार असाल, तर पंखा बंद करून.