ताटातले पाहुणे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुभानमंगळ उभा राहतो, गावाजवळची लेणी आठवतात. मी आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, तो मात्र याहून जवळचा आहे. तो आपल्या ताटात वाढलेला आहे.

एकादशीचे ताट डोळ्यांपुढे आणा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि चवीला हिरवी मिरची. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा, रताळे, मिरची हीही अमेरिका खंडातलीच. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यापुढच्या काळात ही मंडळी हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात शिरली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. मिरचीला मात्र जुन्या मिऱ्यावरून घरचे नाव दिले. आणि गंमत अशी की, ज्यांच्यावर आपण उपवासाचे सोवळे चढविले, ते बहुतेक सारे समुद्रापलीकडचे! फार काय, आपली ज्वारी आणि बाजरीदेखील काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली आहे.

तेव्हा स्वदेशी अन्न चांगले की परदेशी, हा वाद व्यर्थ आहे. खरा प्रश्न निराळाच आहे. पाहुणा आला, पण त्याची रीत त्याच्याबरोबर आली काय?

मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, मग वाटीत, आणि घेवड्याच्या दाण्यांबरोबर खात. युरोपाने मका उचलला, चुना तिथेच टाकला. पुढे स्पेनमध्ये कासाल नावाच्या वैद्याने १७३५ साली एका नव्या रोगाचे वर्णन केले. अंगाची कातडी खरखरीत होई, जुलाब लागत, शेवटी बुद्धीही भ्रमे. इटलीत या रोगाला पेलाग्रा म्हणू लागले. केवळ मक्यावर जगणारे हजारो गरीब त्याला बळी पडले. अमेरिकेतही लोक त्याला साथीचा रोग समजत. दोष आहाराचा आहे, हे डॉक्टर गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले. १९३७ साली नायसिन हे जीवनसत्त्व त्यावर उपाय ठरले. मक्यात अडकून पडलेले हेच सत्त्व चुन्याने मोकळे होते. मेक्सिकोच्या बायकांना त्या सत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते. रीत मात्र ठाऊक होती.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हाच रोग होता, आणि हैदराबादचे डॉक्टर गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. मग ज्वारी वाईट काय? मुळीच नाही. वाईट होती ती नुसत्या भाकरीवर आणि मीठमिरचीवर दिवस काढण्याची पाळी. त्याच भाकरीशेजारी पिठले, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि वाटीभर ताक आले, की ताट पुरे होते. धान्यात जे कमी असते ते डाळीत सापडते, आणि डाळीत जे उणे ते धान्य भरून काढते. मेक्सिकोचा मका आणि घेवडा, जपानचा भात आणि सोयाबीन, आपले पिठले आणि भाकरी, या तिन्ही घरांनी एकमेकांना न विचारता हा एकच नियम शोधून काढला.

तांदळाचीही कथा अशीच. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टराने पाहिले की, पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळताच सावरतात. या कामासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपण ज्याला कोंडा म्हणून टाकतो, त्यातच पुष्कळदा जीव असतो.

आता आपल्या गावाकडे पाहू. हमरस्ता दारावरून जातो, कारखाने आले, पाळ्यांमुळे जेवणाच्या वेळा बदलल्या. चीनच्या शेवया हातगाडीवर मिळतात. पण चिनी घरातली वाफवलेली पालेभाजी आणि सोयाबीनचे पदार्थ त्यांच्याबरोबर आले नाहीत. आला तो मैदा, तेल आणि लाल रस. चारशे वर्षांपूर्वी युरोपाने केली तीच चूक आपण संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून करीत आहो. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले. जग आपल्या ज्वारीकडे वळू पाहत असता आपल्याच घरातली काथवट माळ्यावर जावी, हे बरे नव्हे.

जगाचे अन्न अवश्य घ्यावे. आपल्या आज्या-पणज्यांनी ते घेतलेच. त्यांनी खिचडीत शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने घातले आणि शेजारी दही ठेवले. नुसता साबुदाणा कोणाला वाढला नाही. नवा पदार्थ घरी आणताना त्याच्या गावी तो कशाबरोबर खातात, एवढे आपणही विचारावे. तेथली भाजी मिळाली नाही, तर परसातला शेवग्याचा पाला आहेच.